टॉड्रिजचा मिक्सर आणि शोभाताईंचे गुडघे

कॅनडात व्हिटबीला चारुदत्त पिंपळापुऱ्यांच्या घरी चटणी वाटायची तर बेसमेंटमध्ये उतरावं लागे. स्वयंपाकघर वर, मिक्सर खाली आणि मधे एक उभा जिना. कारण मिक्सर इंग्लंडचा होता, टॉड्रिज कंपनीचा, आणि त्याला दोनशे चाळीस व्होल्ट लागत. कॅनडातल्या भिंतींमधून एकशेवीसच येतात. स्वयंपाकघरातली शेगडी गॅसची, त्यामुळे साऱ्या घरात दोनशे चाळीस एकाच ठिकाणी होते, खाली, कपडे वाळवायच्या ड्रायरमागे. १९७४ साली घर घेतल्या घेतल्या चारुदत्तांनी तिथून वायर ओढली, इंग्लंडहून आणलेलं चौकोनी भोकांचं सॉकेट भिंतीला ठोकलं आणि बायकोला सांगितलं, "झालं. आता खाली जाऊन वाटत जा."

ट्रान्सफॉर्मर आणता आला असता, पण मशीन आणि वीज यांच्यामध्ये दलाल नको असं त्यांचं मत होतं. दुसरा मिक्सरही आणता आला असता. एकदा शोभाताईंनी आणलाही होता. चारुदत्तांनी तो "जरा बघतो" म्हणून उघडला, आतल्या मालाला नावं ठेवली, आणि नंतर तो कोणालाच बंद करता आला नाही. तेव्हापासून शोभाताई गुमान खाली जात राहिल्या. त्या सोलापूरच्या, त्यांचं चटणीशिवाय पान हलत नसे.

आता २०१७ साल होतं आणि त्यांचे दोन्ही गुडघे संपले होते. जिना बंद करा, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. मुलगी गौरांगी ओटावाला, कनाटा नावाच्या उपनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिने आपल्या घराजवळ तळमजल्यावरचा एक कॉन्डो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, बघून ठेवला होता. शोभाताईंना तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. चारुदत्त नाही म्हणत होते. कॉन्डोत सोसायटीच्या बोर्डाच्या परवानगीशिवाय भिंतीला खिळा मारता येत नाही, मग दोनशे चाळीस कुठून आणायचे? म्हणजे एकीकडे बायकोचे गुडघे, दुसरीकडे मिक्सर, आणि हा शहाणा माणूस यात विचार करण्यासारखं काहीतरी आहे असं समजून विचार करत बसला होता.

हे डोकं असं का चाले ते कळायला टॉड्रिज कंपनीचा इतिहास ऐकावा लागतो. त्यातून सुटका नाही. व्हिटबीतल्या झाडून साऱ्या मराठी मंडळींनी तो ऐकला आहे, बहुतेकांनी ड्रायरला टेकून.

कंपनी काढली जोसाया टॉड्रिज नावाच्या गृहस्थाने, उत्तर इंग्लंडमधल्या एका बारमाही ओल्या गावात. आधी तो शवपेट्यांच्या पितळी कड्या करायचा. धंदा उत्तम होता, कारण गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नसे. गावात वीज आली तेव्हा त्याने इस्त्र्या करायला घेतल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची जिवंत गिऱ्हाइकाशी गाठ पडली. एका बाईने कळवलं, इस्त्रीने नवऱ्याचा सदरा जळाला. जोसायाने तो सदरा मागवून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि सदऱ्यातच दोष असल्याचं उलट टपाली कळवलं. कंपनीचं धोरण त्या दिवशी ठरलं ते कायमचं.

इस्त्र्यांमागून किटल्या आल्या, टोस्टर आले. महायुद्धात सरकारने कंपनीला विमानांचे सुटे भाग करायला लावले. त्यांतला एकही तक्रार होऊन परत आला नाही, यावरून ते किती पक्के होते बघा, असं चारुदत्त म्हणत. याचा दुसराही अर्थ निघतो, हे त्यांच्या तोंडावर कोणी म्हणत नसे. युद्धानंतर लग्न झालेल्या दर जोडप्याला आहेरात टॉड्रिजची किटली येई, कोणाकोणाला तीन. गाव मातलं. जोसायाचा नातू गावाचा मेयर झाला.

नागपूरहून इंजिनियर होऊन गेलेले चारुदत्त १९६६ साली तिथे लागले. यंत्रांच्या मोटर डिझाईन करायला मिळतील असं त्यांना वाटलं होतं. बसवलं कुठे, तर परत आलेल्या मालाच्या विभागात. बिघडलेली वस्तू घेऊन गिऱ्हाईक येई आणि चारुदत्त त्याला चार प्रश्न विचारत. पडलं होतं का? पाणी गेलं होतं का? मधे दुसऱ्या कोणी हात घातला होता का? सूचनेप्रमाणे वापरलं का? चारांतून धड सुटून जाईल असा माणूस इंग्लंडात जन्मला नव्हता. कुठे ना कुठे तो अडकेच, आणि चारुदत्त शांतपणे निकाल देत, वापरणाऱ्याची चूक. त्यांचा हात या कामावर इतका बसला, की वस्तू घेऊन आलेल्या बाया जाताना त्यांचीच माफी मागून जात.

पुढे त्यांनी कॅनडा गाठला, वीज कंपनीत नोकरी केली, तिथून रिटायर झाले. टॉड्रिजचे मात्र त्यांच्यामागे दिवस फिरले. हा योगायोग आहे असं चारुदत्तांना वाटत नसे. कंपनी आधी झाडूयंत्रवाल्यांनी घेतली, मग गवत कापायची यंत्रं करणाऱ्यांनी, मग नुसते पैसेवाल्यांनी. कारखाना पाडून तिथे पार्किंग केलं. उरलं फक्त नाव, तेही कोणीतरी विकत घेतलं आणि कुठल्या कुठल्या देशातल्या मालावर छापू लागलं. इतिहासाच्या या भागाला चारुदत्तांचा आवाज खाली येई. तोवर ऐकणाऱ्याचा चहा गार झालेला असे.

कंपनी गेली तरी चार प्रश्न राहिले. बर्फ उडवायचा स्नोब्लोअर सुरू झाला नाही, शेजाऱ्याला चार प्रश्न. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माईक कोकलला, सेक्रेटरीला चार प्रश्न. गौरांगीचा घटस्फोट झाला तेव्हा तिलाही त्यांनी फोनवर विचारले. तिसऱ्या प्रश्नाला तिने फोन ठेवला आणि पुढचं वर्षभर फक्त आईशी बोलली. गुडघ्यांचा निकाल तर त्यांनी एक्स-रे यायच्या आधीच देऊन टाकला होता, "तू जिना तिरका उतरतेस. मी केव्हापासून सांगून राहिलो."

अशात गल्लीतल्या मिलिंदने घोळ केला. मिलिंद पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, स्वभावाने भाबडा. काका-काकूंच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने ऑनलाईन शोधून टॉड्रिजचा टोस्टर आणला. कोरा करकरीत, एकशेवीस व्होल्टचा, वर ते जुनं तिरकं नाव. चारुदत्तांचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी त्यांनी इतिहास सांगितला नाही, नुसते त्या नावावरून बोट फिरवत बसले.

आठवडाभरात टोस्टरची दांडी खाली राहीना. चारुदत्तांनी तो उघडला. जिथे पितळ असायचं तिथे प्लास्टिक होतं. त्यांनी खोक्यावरचा नंबर लावला. पलीकडे एक मुलगी होती, कुठल्या देशात बसली होती ते तिलाच ठाऊक. तिने गोड आवाजात विचारलं, टोस्टर पडला होता का? पाणी गेलं होतं का? चारुदत्त ताठ बसले. मधे दुसऱ्या कोणी हात घातला होता का?

"मी उघडला. आय अ‍ॅम एक्स-टॉड्रिज," चारुदत्त म्हणाले.

"सॉरी सर. दॅट विल बी कस्टमर मिसयूज."

"मॅडम, हे प्रश्न मी विचारत होतो. तुमचा जन्म व्हायच्या आधी."

"एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ, सर?"

फोन ठेवून चारुदत्तांनी टोस्टर परत खोक्यात घातला. मग शेजारी बसलेल्या मिलिंदला म्हणाले, "प्रश्न अजून तेच आहेत बरं का. एक शब्द बदलला नाही." यात त्यांना अभिमान वाटला की दुःख झालं, हे मिलिंदला कळेना. बहुधा त्यांनाही कळलं नसावं, कारण पुढचे दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली. शनिवारी मंडळाचं पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, आणि शोभाताईंच्या शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ते कधी झालं नव्हतं. मंगळवारी सकाळी त्या दाणे घेऊन खाली गेल्या. मिक्सर घरघरला, थांबला. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. चारुदत्त बघायला आले तर शोभाताई जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर बसलेल्या. मांडीवर चटणीचं भांडं, आणि उजवा गुडघा अडकून बसलेला. ना वर, ना खाली.

"पुन्हा तिरकी चढलीस," चारुदत्त म्हणाले.

शोभाताई चिडल्या नाहीत. भांडं बाजूला ठेवून म्हणाल्या, "अहो, विचारा मला तुमचे ते प्रश्न. सगळ्या गावाला विचारलेत, मला कधी विचारले नाहीत. परस्पर निकाल दिलात."

"आता? इथे?"

"मला कुठे जायचंय? विचारा."

चारुदत्तांनी घसा साफ केला. सवयच ती. "पडला होता का?"

"नाही."

"पाणी गेलं होतं?"

"पाणी झालंय आत, डॉक्टरांनी दाखवलं. पण ते नंतर."

"मधे दुसऱ्या कोणी हात घातला?"

"अजून नाही. पुढच्या वर्षी घालतील, सर्जरीला नंबर लागला की."

"सूचनेप्रमाणे वापरला का?"

"सूचना कोणाची होती?" शोभाताई म्हणाल्या. "खाली जाऊन वाटत जा, असं तुम्ही सांगितलंत. या जिन्यावर उभं राहून सांगितलंत. मी तेव्हापासून खाली जाऊन वाटतेय. एकदा तरी वर वाटलं का मी?"

इतक्या वर्षांत चारही प्रश्नांतून सुटलेलं गिऱ्हाईक चारुदत्तांना पहिल्यांदा भेटलं होतं, आणि ते त्यांच्याच बेसमेंटमध्ये अडकून बसलं होतं. कंपनीचा नियम त्यांना पाठ होता. वापर सूचनेप्रमाणे असेल तर दोष कंपनीचा. हा नियम वापरायची वेळ कधी आली नव्हती, इतकंच. त्यांना लाज वाटली. कान तापेपर्यंत लाज वाटली. ते हळूच तिच्याशेजारी पायरीवर टेकले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "दोष कंपनीचा."

"मग? काय द्यायची कंपनी अशा वेळी?"

"बदलून द्यायची. नवीन."

"गुडघा सरकार फुकट देतंय," शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही घर द्या."

मिलिंदला बोलावून दोघांनी त्यांना वर आणलं. त्याच दुपारी चारुदत्तांनी ड्रायरमागचं सॉकेट उपटलं, भिंतीला पुट्टी भरली आणि गौरांगीला फोन केला. त्यांनी फक्त कॉन्डोचं विचारलं, दुसरा प्रश्न विचारला नाही. "बाबा, आर यू ओके?" असं गौरांगीनेच दोनदा विचारलं.

घर विकलं, कॉन्डो घेतला. पुढच्या वर्षी शोभाताईंचा एक गुडघा नवा झाला. टॉड्रिजचा मिक्सर कनाटातल्या हॉलमध्ये फुलदाणीशेजारी विजेविना बसला. तो टाकायचं शोभाताईंनीच नाकारलं. मशीनने काय वाकडं केलंय माझं, असं म्हणाल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला इतिहास अजून ऐकावा लागतो, पण आता बसून.

सर्जरीनंतर स्वयंपाकघर चारुदत्तांकडे आलं. जवळच्या दुकानातून साधा मिक्सर आणला आणि त्यांनी चटणी करायला घेतली. सूचना वाचायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी भांडं गळ्यापर्यंत दाण्यांनी भरलं, पाच मिनिटं बटण दाबून धरलं, आणि मोटर धूर सोडून गेली.

दुसऱ्या दिवशी ते मिक्सर घेऊन दुकानात गेले. वाटेत चारही उत्तरांची तयारी केली. काउंटरवरच्या मुलीने खोकं बाजूला सारलं आणि विचारलं, नवीन हवा की पैसे परत?

"वेट," चारुदत्त म्हणाले. "इट इज माय फॉल्ट. मी ओव्हरलोड केला."

"नो वरीज," मुलगी म्हणाली आणि त्यांच्या मागच्या माणसाकडे वळली.

नवा मिक्सर काखोटीला मारून ते घरी आले ते अस्वस्थच. शोभाताई खिडकीशी पाय वर करून बसल्या होत्या.

"दुकानातल्या मुलीने काही विचारलंच नाही गं," चारुदत्त म्हणाले. "मी सांगून राहिलो, माझी चूक आहे, तर ऐकायला तयार नाही. खोकं तसंच ठेवून घेतलं. असा धंदा कधी होतो का? चूक कोणाची ते न बघता कोणी काही ठेवून घेतं का?"

शोभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाय खाली घेतला, काठी धरली आणि दाणे काढायला उठल्या.

"लग्नाला पन्नास वर्षं होतील आता," त्या म्हणाल्या. "मी दुसरं काय केलं?"