जिन्यातली फवारणी आणि झाकणाची बरणी

दिनांक ९ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. इमारतीच्या जिन्यात व प्रत्येक दारापुढे झुरळांचे औषध फवारण्यात आले. त्याची सूचना फलकावर लागली ती दुपारी चार वाजता. नोंद असावी म्हणून हे आधी लिहिले.

तिसऱ्या मजल्यावरच्या टंकलेखिकाबाई तेव्हा कचेरीत होत्या. तीस वर्षे इतरांची पत्रे बिनचूक उतरवण्यात गेली; स्वतःचे म्हणावे असे घरात एकच, दाराजवळच्या स्टुलावरची काचेची पेटी आणि तिच्यातल्या नखाएवढ्या लाल कोळंब्या. इमारत त्यांना पाठीमागे 'कोळंबीताई' म्हणे. नळाचे पाणी दिवसभर बादलीत उघडे ठेवून मगच त्या पेटीत घालीत, तेही वाटीवाटीने. पेटीवर टिचकी मारणाऱ्या पाहुण्याला त्या घरी चहा मिळत नसे.

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा पेटीच्या तळाशी काहीतरी पसरले होते.

"वन्सं, कात टाकली असेल हो," भावजय म्हणाली. "मागे मी मेलेली समजून उचलायला गेले, तर केवढ्या खेकसलात माझ्यावर!"

टाकलेली कात पारदर्शक असते. हे फिकट गुलाबी होते, आणि एकीचे पाय अजून हलत होते.

बाईंनी चहाची गाळणी आणली. एकेचाळीस निघाल्या. मग गाळणी घासून पालथी घातली आणि त्या जेवायला बसल्या. भाजीत मीठ नाही हे भावाने सांगितले तेव्हा कळले. रडू येईल म्हणून त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. आले नाही.

तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीतल्या बरणीकडे लक्ष गेले. अंडी धरलेली एक मादी त्यांनी रविवारीच शेवाळाच्या झुबक्यासह तीत वेगळी ठेवली होती. ती जिवंत होती. पोटाखालची अंडी पायांनी हलवीत होती. पाणी तेच, खाणे तेच. फरक इतकाच की बरणीला झाकण होते आणि हवेचा पंप नव्हता. पेटीचा पंप दारापाशी होता. फटीतून आत आलेले औषध त्याने हवेबरोबर ओढले आणि इमानाने पाण्यात पोहोचवले. भावजय घरातच होती. फवारणीआधी कुणी दाराची घंटा वाजवली असती, तर पंपाचे बटण बंद करायला तिला कितीसा वेळ लागला असता?

बाई इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेल्या.

"अहो ताई, म्हणजे औषध चांगलंय की! झुरळंही गेली," ते हसले. "आणि तुमच्या त्या एवढ्याशा, तोंडी लावायलाही पुरल्या नसत्या."

"पुढची फवारणी कधी?"

"आता दर महिन्याला. फवारणीवाला येईल त्या दिवशी."

"आदल्या दिवशी सांगाल?"

"फलक आहे ना."

"फलक चार वाजता लागला."

"पण लागला ना?"

राग यायला हवा होता. बाई जिना चढून वर आल्या आणि उद्याच्या पाण्याची बादली भरून ठेवली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अंडी फुटतील. एवढ्या पिल्लांना बरणी पुरणार नाही. धुतलेल्या पेटीत, पंपासह, त्यांना हलवावेच लागेल. त्यानंतर कुठल्यातरी सकाळी फवारणीवाला येईल, आणि बाई कचेरीत असतील.

वाचकहो, आपणही कुठल्यातरी इमारतीत राहता, कदाचित तिच्या समितीवरही असाल. फवारणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक दाराची घंटा वाजवा, आणि दार उघडेपर्यंत तिथे थांबा.