दोघंही म्हणाले, आम्ही हरलो

ती स्पर्धा आम्ही औरंगपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात भरवली होती. मोबाईलवरचा लढाईचा खेळ, चौघांचा एक संघ, असे सोळा संघ. खेळणारे खाली हॉलमध्ये, आणि मी वर, वधूपक्षाच्या खोलीत, दोन लॅपटॉप मांडून. माझा कॉलेजपासूनचा मित्र या धंद्यात माझा भागीदार आहे. प्रायोजक आणणं, माईकवर बोलणं त्याच्याकडं, सॉफ्टवेअर माझ्याकडं. कुणाची लढत कुणाशी, पुढं कोण गेलं, इंटरनेटवर बघणाऱ्यांना पडद्यावर काय दिसायचं, हे सगळं माझा प्रोग्राम ठरवायचा.

खेळ बनवणारी कंपनी आम्हाला निकाल थेट देत नव्हती. म्हणून मी साधी वाट काढली होती. लढत संपली की दोन्ही कप्तानांच्या फोनवर फॉर्म जायचा. त्यात दोनच बटणं, जिंकलो आणि हरलो. एकाचं ‘जिंकलो’ आणि दुसऱ्याचं ‘हरलो’, अशी उत्तरं जुळली की निकाल पक्का. दोघांनीही ‘जिंकलो’ दाबलं तर माझ्यासमोर लाल पट्टी यायची आणि पंच जाऊन बघायचे. माणसं जिंकण्यासाठी खोटं बोलणार, हे मी धरूनच चालले होते. तीन आठवडे मी त्याच एका गोष्टीवर घालवले होते.

उपांत्य सामना दुपारी तीनला सुरू झाला. संपला तेव्हा खालून ओरडा ऐकू आला, पण माझी स्क्रीन हललीच नाही. लाल पट्टी नाही, निकालही नाही. बघणाऱ्यांसमोर नुसतं ‘निकाल येत आहे’ फिरत राहिलं. आधी वाटलं नेट गेलं. नेट चालू होतं. मग मी आलेल्या नोंदी उघडल्या. दोन्ही फॉर्म आलेले होते. पहिल्यात ‘हरलो’, दुसऱ्यातही ‘हरलो’.

मी ते तीनदा वाचलं. त्याच सकाळी मी बटणांचा रंग बदलला होता, त्यात काही उलटंपालटं झालं असेल म्हणून स्वतःच्या फोनवर करून बघितलं. बरोबर चालत होतं. कुणाचं तरी बोट चुकलं असेल म्हणून दोघांना पुन्हा फॉर्म पाठवला. मिनिटभरात उत्तरं आली, तीच. हरलो, हरलो.

एवढ्यात भागीदार जिना चढून वर आला. लोक वाट बघतायत, कुणाचंही एक नाव टाकून दे, नंतर निस्तरू, असं म्हणाला. नाव टाकणं माझ्या हातात होतं, एका क्लिकचं काम. पण कुणाचं टाकायचं ते मला समजेना. शेवटी मीच खाली गेले.

एक संघ लासूर स्टेशनचा होता. त्यांचा कप्तान तिशीचा, तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर काम करणारा. बाकीचे तिघं त्याचे चुलतभाऊ. दुसरा संघ गारखेड्यातल्या मुलींचा, फिजिओथेरपी शिकणाऱ्या. पंचांनी रेकॉर्डिंग लावलं. निकाल ठरवणारा शेवटचा डाव लासूरनं जिंकला होता, त्यात शंका नव्हती. मी लासूरच्या कप्तानाला विचारलं, दादा, मग तुम्ही ‘हरलो’ का दाबलं?

तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. “मॅडम, यांच्यातल्या एकीचा फोन तापून बंद पडला. गेममध्ये ती नुसती उभी होती. आमच्या भावानं तिला उडवलं, मग बाकीच्या तिघी उघड्यावर आल्या. उभ्या माणसाला मारलं आम्ही. त्याला जिंकणं म्हणत नाय.”

मुलींची कप्तान शेजारीच होती. तिचा आवाज जरा चिडका होता. “फोन आमचा बंद पडला. नियमात लिहिलंय, आपल्या फोनची जबाबदारी आपली. आम्ही हरलो. दया नकोय आम्हाला.”

दया नाय ताई, तो म्हणाला.

नियम मीच लिहिले होते. त्या नियमांप्रमाणे लासूर पुढं जायला हवं होतं, आणि लासूर जायला तयार नव्हतं. भागीदार मला बाजूला घेऊन म्हणाला की हे असं चालत नाही, उद्या सगळेच हरायला लागतील. त्याचंही मला पटत होतं. तिघांचंही पटत होतं, आणि तिथंच माझं डोकं चालेनासं झालं. शेवटी पंचांनीच तोडगा काढला, फक्त तो एक डाव पुन्हा खेळायचा. मुलींची कप्तान बराच वेळ नाही म्हणत होती, मग तिच्या मैत्रिणींनी तिला खेळायला बसवलं. वर जाऊन मी जुना डाव हातानं खोडला. माझ्या प्रोग्राममध्ये डाव खोडण्याची सोयच नव्हती, तिथंही दहा मिनिटं गेली.

पुन्हा खेळले, आणि लासूर हरलं, अगदी थोडक्यात. या वेळी दोन्ही फॉर्म जुळले. मुलींनी जल्लोष केला नाही. चुलतभावांपैकी एकजण कप्तानाशी बोलेना, वेगळा जाऊन बाहेर उभा राहिला. ते बघून मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं होऊ दिलं. काय ते मात्र सांगता येईना.

घरी वडिलांना सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, “मग खोटं कोण बोललं?”

“कुणीच नाही.”

“मग तुझं अडलं कुठं?”



पुढच्या स्पर्धेआधी भागीदारानं सुचवलं, दोघंही ‘हरलो’ म्हणाले तर दोघंही बाद. मी तसं लिहिलं. काम दोन ओळींचं होतं, चाचणीतही नीट चाललं. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. आता तसं झालं तर स्क्रीनवर येतं, ‘पंचांना बोलवा’. तेव्हापासून कुणी दोघं एकदम हरलेले नाहीत. पंच येऊन काय करणार, ते मी अजून लिहिलेलं नाही.