ढेला चौथीचा चंद्र

माणसं चंद्रावर जाऊन आल्याला दोनेक वर्षं झाली होती. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि सुट्टीपुरती तिथली दुर्बीण बनारसच्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या घरी आणली होती. आठ दिवस आभाळ गच्च. उघडलं ते नेमकं गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी. त्या दिवशी चंद्र पाहिला की खोटा आळ येतो म्हणतात.

सासरे वेदपाठशाळेत शिकवत. चंद्रावरचे खड्डे एकदा दाखव, असं त्यांनीच मला म्हटलं होतं. म्हणून गच्चीवरून हाक मारली, तर आज नको म्हणाले. मग माझी जीभ सुटली. पुनवेला ऊन समोरून पडतं, सगळं सपाट दिसतं. आज चंद्रकोरीवर ऊन तिरपं आहे, खड्ड्यांच्या कडांच्या सावल्या पडल्यात, हे सगळं ऐकवलं. इतकं शिकून खड्ड्यांना काय घाबरता, असंही मी बोलून गेले.

ते वर आले आणि दुर्बिणीपाशी बसले. बराच वेळ पाहिलं. एका जागी गोल तट होता आणि आत सारवल्यासारखी सपाट जमीन. हा तट कोणी बांधला, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, वरून दगड आदळून झालाय, मी ऐटीत सांगितलं. छान आहे म्हणाले आणि खाली गेले.

थोड्या वेळाने शेजारच्या दूधवाल्याच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी पडलं. चौथीच्या चंद्रावर बनारसात उतारा आहे: दुसऱ्याच्या छपरावर मातीचा ढेला मारायचा आणि शिव्या खायच्या, म्हणजे दोष जातो. मी वाकून पाहिलं. गल्लीत सासरे मान खाली घालून उभे होते. दूधवाला तावातावाने बाहेर आला आणि त्यांना पाहून थबकला. त्याने हात जोडले.

"हमसे ई न होई, गुरुजी."

अख्खी गल्ली ज्यांच्यापुढे वाकायची, त्यांना मी दारोदार शिव्या मागायला लावलं होतं. लाजेने माझे कान तापले. मी धावतच खाली गेले.

"सूनबाई, तू तरी बोल," ते म्हणाले. "मघाशी बोलत होतीस तसं."

मी वाकून त्यांचे पाय धरले.

"नमस्कार नको गं आज," ते म्हणाले, आणि दुसरा ढेला उचलून पुढच्या घराकडे निघाले.