पाचव्या सालाचा कप

"गुडघे दाखवा."

सामना संपला की मामाजी सगळ्यात आधी हेच म्हणायचे. किती गुणांनी हरलो, पंचांनी काय घोळ घातला, ते सगळं नंतर. आम्ही पोरी मैदानाच्या कडेला ओळीनं उभ्या राहायचो, ट्रॅक पँट वर सरकवायचो आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत जायचे. गुडघा सोललेला दिसला की खिशातून हळद घातलेल्या खोबरेल तेलाची बाटली काढून पुढे करायचे. गुडघा स्वच्छ दिसला तर विचारायचे, "काहून वं, पाहुणी होती का तू आज?"

ते आमच्यापैकी कोणाचेच सख्खे मामा नव्हते. आयुष्यभर लाइनमन म्हणून खांबांवर चढले आणि निवृत्त झाल्यावर साकोलीजवळच्या आमच्या गावात त्यांनी मुलींचा कबड्डी संघ काढला. मी तेव्हा दहावीत होते. धान कापून झालं की स्वतःच्या शेतातल्या एका बांधीतलं धसकट ते हातानं उपटायचे, पाणी मारायचे, चोपून चोपून मैदान करायचे.

माझी आई फार चिडली होती. "गुडघे फुटलेल्या पोरीले कोण पसंत करीन, भाऊ?"

"पसंत करणाऱ्याले म्हणा, आधी हिले पकडून दाखव," मामाजी म्हणाले.

आईला हसू आलं, आणि माझं खेळणं सुरू झालं.

पहिल्या हिवाळ्यात जिथे गेलो तिथे पहिल्याच फेरीत हरलो. बसथांब्यावरचा चहावाला मामाजींना विचारायचा, "दुपारची बस चुकू नये म्हणून हारते का तुमची टीम?"

"नवीन टीम हाय बा. पाच साल कपाचं नाव काढाचं नाई," असं मामाजी शांतपणे सांगायचे.

आम्ही का हरतो ते सगळ्या गावाला माहीत होतं. सामना कितीही मोठा असो, सातांतली एक जागा कधीच न खेळलेल्या पोरीची, हा त्यांचा नियम होता. ती पोरगी घाबरायची, पकडली जायची आणि सामना हातचा जायचा. शेजारच्या गावानं आमच्याबरोबरच संघ काढला होता. त्यांनी बाहेरच्या खेळाडू आणल्या, पहिल्याच साली कप नेला आणि डीजे लावून मिरवणूक काढली. आम्ही मामाजींवर रुसलो. ते म्हणाले, "त्यायच्या गावच्या पोरी कुठं होत्या? मिरवणुकीत नाचून राहिल्या होत्या." दोन वर्षांनी त्या गावात संघच उरला नाही. बाहेरच्या पोरी दुसरीकडे गेल्या आणि गावातल्या पोरींना चढाई कोणी शिकवलीच नव्हती.

"तुमची लगनं होतीन, तुम्ही जासान," मामाजी आम्हाला म्हणायचे. "मंग मैदानावर कोण? मी आन् बकऱ्या?"

आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मला भंडाऱ्याला कॉलेजात पाठवायचं की नाही, यावर वडील अडून बसले होते. मामाजी त्यांना एवढंच म्हणाले, "हे पोरगी हारली तरी दुसऱ्या दिवशी सरावाले येते. कॉलेजात आणखी काय लागते?" आज मी पदवीधर आहे. तुमच्या गावातही असं एखाद्या वाक्यानं कोणाला तरी पुढे ढकलणारं माणूस असेल.

मामाजींच्या गालात सतत सुपारी-तंबाखूचा खर्रा असायचा. चौथ्या साली तोंडातली जखम बरी होईना म्हणून त्यांना नागपूरला नेलं. परत आले तेव्हा अर्धी जीभ तिकडेच राहिली होती. त्यांचं बोलणं फक्त मामीजींना, त्यांच्या बायकोला, कळायचं. त्या आम्हाला उलगडून सांगायच्या.

त्याच हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचलो. आदल्या दिवशी मामाजींनी मला बोलावून घेतलं. मी संघाची कप्तान होते. ते खाटेवरून काहीतरी बोलले. मामीजींनी त्यांना पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"ते म्हणून राहिले," मग त्या म्हणाल्या, "उद्या नवीन पोरगी ठेवू नको. यंदा कप पाह्यजे."

मी मामाजींकडे पाहिलं. ते चादरीचा काठ चाचपत होते. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे काही मागितलं ते हेच. का मागितलं ते तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पंचांना नावं द्यायला गेले तेव्हा सातवीतली ती नवीन पोरगी वेण्या घट्ट बांधून उभी होती. तीन महिने ती रोज मैदानावर येत होती. "आता तुझा नंबर," असं तिला मामाजींनीच, नागपूरला जायच्या आधी, सांगून ठेवलं होतं. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग सातवं नाव तिचंच दिलं.

ती दोनदा पकडली गेली. आम्ही एका गुणानं हरलो.

संध्याकाळी सगळ्या जणी मामाजींच्या खाटेपाशी गेलो. मी काय झालं ते सांगितलं, सातवं नाव कोणाचं दिलं तेही. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जा माय, थकले ते," मामीजी म्हणाल्या.

आम्ही वळलो. तेवढ्यात भिंतीकडे तोंड केलेल्या त्या माणसाचा हात उशीखाली गेला आणि बाटली घेऊन मागे आला. बोटांनी त्यांनी खूण केली. वर.

आम्ही ओळीनं उभ्या राहिलो. ते कुशीवर वळले आणि पाहू लागले. नवीन पोरीचे दोन्ही गुडघे सोलले होते. तिथे ते फार वेळ थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गेलेल्या कपासाठी होतं की त्या गुडघ्यांसाठी, मला कळलं नाही. त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला विचारवलं नाही.

होळीच्या आधी मामाजी गेले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही कप जिंकला. शेवटची पकड त्याच पोरीची होती. चहावाला सगळ्यांना सांगत सुटला, "मामाजी म्हणतच होते ना बा, पाच साल लागतीन! मले तं पहिल्यापासून भरोसा होता."

कप हातात आला, फोटो झाले. मग कोणी न सांगता आम्ही मैदानाच्या कडेला गेलो, ओळीनं उभ्या राहिलो आणि ट्रॅक पँट वर सरकवल्या. मातीनं भरलेले, सोललेले गुडघे पुढे करून आम्ही तशाच उभ्या होतो.

समोर कोणी नव्हतं.