अनुदानित नाक

परमेश्वराने माणसाला नाक दिलं ते श्वास घ्यायला किंवा चष्मा टेकवायला नसून, त्यावर सरकारी अनुदानासाठी अर्ज करता यावा म्हणून दिलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि तो माझा साडू आहे. साडू निवडता येत नाही. आपण फार चोखंदळपणे बायको पसंत करतो (निदान तशी समजूत करून घेतो), आणि तिच्या थोरल्या बहिणीने आधीच पसंत करून ठेवलेला एक गृहस्थ सोबत फुकट मिळतो. मला मेंदूशास्त्रज्ञ मिळाला. मी बँकेत नोकरी करणारा माणूस. माझ्या मेंदूकडे पाहून आजवर एकदाही संशोधनाची इच्छा झाली नाही, असं तो चारचौघांत सांगतो. तो वयाने मोठा, त्यामुळे समोर मी त्याला अहो-जाहो करतो. अरे-तुरेची हौस इथे कागदावर भागवून घेतोय.

तो एका सरकारी संशोधन संस्थेत आहे. पगार संस्था देते, पण प्रयोग करायचा तर पैसे मागायला दिल्लीच्या दारात उभं राहावं लागतं. तिथलं एखादं खातं अधूनमधून जाहीर करतं की, अमुक विषयावर संशोधनाचे प्रस्ताव पाठवा, आवडले तर अनुदान देऊ. लोक सकाळी उठून राशिभविष्य वाचतात, तसा साडू या जाहिराती वाचतो आणि वाचून झाल्यावर त्याच भाषेत दिवसभर बोलतो. पोरगा शाळेत होता तेव्हा त्याला हातखर्च हप्त्याने मिळायचा, आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा हप्ता सुटायचा नाही. एकदा त्या बिचाऱ्याने कटिंगच्या पैशांचा पुरावा म्हणून स्वतःचे केस पुडीत बांधून आणले. साडूने ती पुडी फायलीला टाचली. भाजीबाजारात टोमॅटोसाठी ठरवलेले पैसे तो कांद्याला वापरत नाही. खर्चाचं शीर्ष बदलायला वरून मंजुरी लागते म्हणतो, आणि सीवूड्सच्या भर बाजारात उभा राहून ताईंना फोन लावतो. ताई म्हणजे माझी मेहुणी. "घ्या हो कांदे, पण आता घरी या," अशी मंजुरी मिळाली की मगच पिशवी उघडते. आम्ही करंजाड्याला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आला, पेढा तोंडात टाकला, भिंतींकडे पाहिलं आणि विचारलं, "साडू, या प्रकल्पाचं अपेक्षित फलित काय?"

"हप्ते," माझी बायको आतून म्हणाली.

त्याच्या संशोधनाचा विषय मात्र गेल्या कित्येक वर्षांत बदललेला नाही. विषय म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं नाक. बदलतात त्या दिल्लीच्या आवडीनिवडी. एका वर्षी त्यांना शेतकऱ्यांचं कल्याण हवं होतं. साडूने 'वृद्ध शेतकऱ्यांचं नाक' पाठवलं. पुढच्या वर्षी भरडधान्यांचा बोलबाला झाला. हुंगायला देण्याच्या कुपीत नाचणीच्या भाकरीचा वास भरला गेला. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली, तेव्हा नाक संगणकाला जोडलं गेलं. समुद्रकिनाऱ्यांसाठी योजना निघाली तर नाक खाडीकाठी जाऊन बसलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं: विषय स्तुत्य आहे, पण सध्या निधी उपलब्ध नाही. "नाक तेच असतं हो भाऊजी," ताई मला म्हणाल्या, "दरवर्षी नथ तेवढी नवी घडवतात."

आता नाकच का, तर त्याला कारण आहे. कंपवाताच्या काही रोग्यांचं नाक हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी जातं. नाक वेळेवर तपासलं तर मेंदूत काय शिजतंय त्याची कुणकुण लागू शकते. पण तपासायची पेटी परदेशातून येते. तिच्यात तिकडच्या कसल्या कसल्या फळांचे, झाडांचे आणि आपल्याकडे कुणी न प्यालेल्या पेयांचे वास. साडूने ती पेटी आधी आपल्या गावी नेली. गाव म्हणजे नवी मुंबईतलं, नेरूळचं शिरवणे. तो तिथल्या जुन्या आगरी घरातला. शेती शहराखाली गेली, घर राहिलं, आणि घरात ऐंशी ओलांडलेली आई राहिली. तिने पहिली कुपी हुंगली आणि म्हणाली, "यो तं इस्त्रीवाल्याच्या दुकानाचा वास हाय." दुसरी हुंगून म्हणाली, "यो कोनीतरी फिनेल पिलाय." परदेशी हिशोबाने त्या दिवशी अख्खं शिरवणे आजारी ठरलं. आणि तीच माणसं दुपारी ओट्यावर बसून, चार घरं सोडून पलीकडे कोलंबी शिजतेय की जवळा, यावर तावातावाने भांडत होती.

तेव्हापासून साडूने ध्यास घेतला की आपल्या नाकांसाठी आपली पेटी झाली पाहिजे. बारा कुप्या. हिंग, कापूर, सुकट, रॉकेल, करपलेलं दूध, शेणाने सारवलेली जमीन असा संसार. आधी त्याने तो आमच्यावर तपासला. बारशाला, साखरपुड्याला, अगदी माझ्या मावसभावाच्या तेराव्यालासुद्धा तो खिशातून कुपी काढायचा आणि म्हणायचा, "डोळे मिटा." बारातले सात वास मला ओळखता आले. "तुमचा सातबारा आहे साडू, पण कोरा नाही," असं त्याने जाहीर केलं, आणि ते आता आमच्या सगळ्या नात्यागोत्यात मला शैक्षणिक पात्रतेसारखं चिकटलंय. एकदा सुकटीची कुपी त्याच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये फुटली. सेक्रेटरींनी नोटीस लावली. साडूने त्या नोटिशीची झेरॉक्स काढून पुढच्या प्रस्तावाला जोडली: 'स्थानिक समुदायाची घ्राणक्षमता उत्तम असल्याचा स्वयंस्फूर्त पुरावा.'

या माणसाला हसणं फार सोपं आहे, आणि मी पुष्कळ हसलोय. पण ताईंनी एकदा मला सांगितलं होतं. त्याचे वडील कंपवाताने गेले. हात थरथरायच्या खूप आधी एकदा चुलीवरचं दूध करपून कोळसा झालं होतं, सगळी आळी धावत आली, आणि ते शेजारीच बसून शांतपणे विडी ओढत होते. त्यावर घरात कित्येक वर्षं विनोद झाले. साडूनेही केले. करपलेल्या दुधाची कुपी पेटीत पहिली का आहे, हे मी नंतर कधी त्याला विचारलं नाही.

मग यंदा घोडं गंगेत न्हायलं असं वाटलं. दिल्लीने चक्क वृद्धांच्या मेंदूविकारांवरच प्रस्ताव मागवले. नथ घडवायची गरजच नव्हती, नाक होतं तसं चाललं असतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. संस्थेचं इंटरनेट नेमकं रुसलं, म्हणून सगळा दरबार त्याच्या सीवूड्सच्या फ्लॅटवर भरला. साडू, त्याची जुनी विद्यार्थिनी असलेली आणि आता डॉक्टरेट मिळवून त्याच संस्थेत संशोधक झालेली परभणीची एक मुलगी, चहा करणाऱ्या ताई, आणि रजा टाकून आलेला मी. माझं काम काय होतं ते अजून कळलेलं नाही. साडूने सगळं भरलं, 'सादर करा' दाबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. या योजनेत प्रकल्प तीन वर्षांचाच. मुख्य संशोधकाची निवृत्ती दोन वर्षांवर. अर्ज स्वीकारता येत नाही.

जगाला नियमावली शिकवणाऱ्या माणसाने हा एक नियम वाचलाच नव्हता. किंवा वाचला होता, आणि तरी बटण दाबून पाहिलं होतं. मला ही दुसरी शक्यता खरी वाटते.

"जन्मतारीख एक जून," मी पडद्यावर पाहून म्हणालो. "खरी आहे?"

"गावातल्या कुणाची खरी आहे?" तो म्हणाला. "मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जूनला जन्माला घातलंय. मी खरा दीड वर्षाने लहान."

म्हणजे खऱ्या वयाने त्याच्याकडे तीन वर्षं होती, वर थोडी उरतही होती. पण पोर्टल मास्तरांच्या बाजूने होतं. मग ती मुलगी चाचरत म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी कमी मुदतीच्या योजनेत पाठवू ना."

"पुढच्या वर्षी मी आणखी एक वर्षाने म्हातारा. आणि पुढच्या वर्षी दिल्लीला नाक आवडेल कशावरून?" तो म्हणाला. "तुझं नाव टाक. मुख्य संशोधक तू."

ती टाकेना. शेवटी त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि आपलं नाव एकेक अक्षर खोडून तिचं स्वतः टाईप केलं. आपल्यासाठी रकाना शोधला: सल्लागार. मानधन: नाही. पुन्हा बटण दाबलं. पोर्टल म्हणालं, बदलाला आधीच्या मुख्य संशोधकाची संमती हवी. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, तो पाचपर्यंत चालेल.

"कुठल्या मोबाईलवर?" ताईंनी विचारलं, आणि साडूने कपाळाला हात लावला. नोंदवलेला नंबर जुना होता. गावात सगळ्यांना तोच पाठ, म्हणून ते सिम त्याने आईच्या फोनमध्ये घातलं होतं. आणि आई त्या दुपारी शिरवण्यात चुलत नातवाच्या हळदीला बसली होती.

फोन लावला. मागे बेंजो पार्टी कान फोडत होती. साडू ओरडला, "आये, ओटीपी आलाय बघ, सांग!" पलीकडून तितक्याच जोरात उत्तर आलं, "फोनवर ओटीपी मांगनारा चोर हाय!" आणि फोन बंद.

इथे माझा वाटा सांगायला हवा. गेल्या दिवाळीत मीच तिला समोर बसवून बँकेच्या पद्धतीने बजावलं होतं: ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पोटच्या पोराला नाही, खुद्द मला नाही. माझ्या आयुष्यात एकाच ग्राहकाने माझं म्हणणं ऐकलं, ते हिने.

मी स्कूटर काढली. साडू मागे. हळदीच्या मांडवात आई बायकांच्या घोळक्यात बसून धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, म्हणत होती, आणि हळदीचा धवला अर्ध्यावर तोडत नाहीत. मेंदूशास्त्रज्ञ हात जोडून उभा, मी घड्याळ बघत उभा. पोरांनी मलाही हळद फासली. धवला संपला.

"आये, मीच हाय आता समोर. चोर नाय. दे."

"जावयानं सांगतलंय, पोराला पन नाय." सुनेच्या बहिणीचा नवरा म्हणून ती मलाही जावईच म्हणते.

"आई, मी सांगतो, सांगा त्यांना," मी काकुळतीला आलो.

"तवा नको बोललास, आता हो बोलतस. कंचं खरं धरू?" आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. मग तिने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बेंजोवाल्यांना हाताने थांबवलं. "कशाला पायजे तुला यो नंबर?"

इंग्रजीत व्याख्यानं देणारा माणूस आईसमोर उकिडवा बसला. "माजं नाव काढून पोरीचं घालायचंय. कागदाव म्हातारा झालंय मी."

तिला ते कळायला वेळ लागला नाही. "मीच घाटला तुला शालंत लवकर," ती म्हणाली. "मिठागराव जायाचं होतं. तुला कोन संभालनार? मास्तर बोलला, वय वाढवून लिवतो. मी बोलले, लिव."

"नाय गो आये. तुजी काय चूक?"

तिने कमरेची पिशवी सोडली, फोन काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "सांगाचा नाय, आसं जावय बोलला. वाचाचा नाय, आसं नाय बोलला. तूच वाच, माज्या डोल्यांना दिसत नाय."

त्याने आकडे मोठ्याने वाचले, मी ते फोनवर सीवूड्सला ओरडून सांगितले, आणि पाचाच्या आत अर्ज गेला. परतताना सिग्नलला तो मागून म्हणाला, "साडू, हळदीचा वास येतोय का तुम्हाला?" मी म्हटलं, "येतोय." "मग आठ झाले," तो म्हणाला.

काही महिन्यांनी अनुदान मंजूर झालं. पत्र त्या मुलीच्या नावाने आलं, आणि साडूने पेढे वाटले. प्रत्येकाकडून सही घेऊन वाटले.

तपासणीचा पहिला दिवस शिरवण्यातच ठेवला होता, आईच्या ओट्यावर. मांडी घालून म्हातारेकोतारे बसले होते. सगळ्यांत पुढे साडू. म्हणाला, मी वयात बसतो, माझं नाक घ्या आधी. त्या मुलीने पेन उघडलं आणि अडखळली. "सर, वय काय लिहू?" त्याने आईकडे पाहिलं. "कागदावरचं लिही," तो म्हणाला. "आता तेच लागू."

करपलेलं दूध त्याने झाकण निघताच ओळखलं, आणि ताईंनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. मग हिंग, मग कापूर. शेवटच्या कुपीला तो थबकला. डोळे मिटलेले, कपाळावर आठी. मला उगीच त्या शांतपणे ओढलेल्या विडीची आठवण झाली.

"मिठागर," तो म्हणाला. "ओहोटीच्या वेळचं. बांधावरचा चिखल." मग डोळे उघडून म्हणाला, "हा माझ्या यादीत नव्हता."

"नाही सर," ती मुलगी म्हणाली. "हा मी घातला. आजींना विचारून."

"पुन्हा एकदा दे बघू."

"सर, प्रोटोकॉलमध्ये एकदाच आहे. तुम्हीच लिहिलंय."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मग राहू दे."

झाकण तिच्या हातातच होतं. लावायला तिने जरा उशीर केला.