कानोत्याचा शिसवी किट

"हा किट उतरवा. घरगुती माल आहे, चालणार नाही. सकाळचा भाड्याचा चढवा."

हे मी टॉकबॅकवर बोलले. टॉकबॅक म्हणजे आम्हा साउंडवाल्यांचा आपसांत बोलायचा माइक. कन्सोलवरून एक वाक्य बोललं की लाइटवाल्यापासून पडदेवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू येतं. त्या दिवशी तो स्टेजवरच्या स्पीकरलाही जोडलेला होता. त्यामुळे विंगेत उभ्या असलेल्या रामावतारजींनी आणि त्यांच्या मुलीने, गीताने, ते ऐकलं. ड्रमचा तो किट त्या दोघांनीच बनवला होता.

जयपूरला झालान्यातल्या एका सभागृहात मी साउंड इंजिनिअर आहे. वडील रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन आम्ही जयपूरच्या दुर्गापुऱ्यात आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि कामावर जे तोंडाला येईल ते. बावीस वर्षं हेच करते आहे. माझ्या कानांवर माझा फार विश्वास होता.

भानगड फ्लोअर टॉमची होती. किटमधला सगळ्यांत मोठा, तीन पायांवर उभा राहणारा ढोल तो. ड्रमर निहार कोल्हापूरचा. त्याने काठी मारली की सूर यायचा, आणि सुराच्या मागोमाग भुणभुण. डब्यात माशी अडकावी तशी. मी माइक बदलला. केबल बदलली. ढोलाचे सगळे स्क्रू आवळून घेतले. मग कातड्यावर टेप लावली. टेप लावली की कातड्याचा नाद कमी होतो, हा आमचा रामबाण उपाय. एक पट्टी, दोन, चार. शेवटी नऊ झाल्या. ढोल उशीवर मारल्यासारखा वाजू लागला, भुणभुण मात्र जागच्या जागी.

सकाळी त्याच जागी, त्याच माइकवर भाड्याचा किट वाजला होता. त्याने तक्रार केली नव्हती. मग दोष कुणाचा? मला हिशेब सोपा वाटला.

निहार स्टूलवरून उठला नाही. "ताई, मी दुसऱ्या किटवर नाही वाजवणार."

"अरे, ड्रम तो ड्रम. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना," तो म्हणाला. "हा माझ्या हाताचा आहे."

मग त्याने सांगितलं ते असं. जयपूरजवळ कानोत्याला रामावतारजींचं घर आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक शेड, दोन माणसं. शिसवाच्या उभ्या फळ्या पिंपासारख्या जोडून ते ढोलाचं अंग करतात. पण कातडं ज्या काठावर बसतं तो काठ गीता कापते, आणि वाजवणाऱ्याला पाहिल्याशिवाय कापत नाही. निहारला तिने दोन दिवस एका जुन्या पाटावर वाजवायला लावलं होतं. ती समोर बसून नुसती त्याच्या मनगटाकडे बघत होती. जड हाताला काठ गोल, हलक्या हाताला धारदार. मी ऐकून घेतलं, पण खरं सांगायचं तर मला हे सगळं कौतुकाचं पाल्हाळ वाटलं.

एवढ्यात आमचे प्रॉडक्शन मॅनेजर भटनागर सर आले. "मैडम, चालीस मिनट में दरवाज़े खुलेंगे. फैसला कीजिए."

फैसला मी केलेलाच होता. पण प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत तीन माणसं बसली होती. दोघं दिल्लीचे, एक अहमदाबादचा, तिघेही ड्रमर. निहारने बोलावलं म्हणून फक्त हा किट ऐकायला आलेले. ड्रमरांचं जग लहान असतं. त्यांच्या देखत किट खाली उतरला असता, तर उद्या कानोत्याची वाट कुणी धरली नसती. हे मला कळत होतं, तरी मी तोंडाने "उतरवा" म्हटलं होतं.

रामावतारजी स्टेजवर आले. डोक्याला गुंडाळलेलं उपरणं, हातांवर लाकडाचा रंग कायमचा बसलेला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "बाईसा, एक बार हाथ लगा लूँ?"

स्वतःच्या ढोलाला हात लावायची परवानगी त्यांनी मला मागितली. मी मानेनेच हो म्हटलं.

त्यांनी ढोलाच्या कडेखाली बोटं घालून तो वीतभर उचलला. मग निहारला म्हणाले, "मारो."

निहारने मारलं. नऊ पट्ट्यांखालून सूर आला. दबलेला, पण स्वच्छ. भुणभुण नाही. त्यांनी ढोल खाली ठेवला. "अब मारो." भुणभुण हजर.

"दोष ढोल में होता तो हवा में भी बोलता," गीता म्हणाली. तोपर्यंत ती रायझरला कान लावून पालथी पडलीही होती. रायझर म्हणजे ड्रमर बसतो तो प्लायवूडचा उंचवटा, आतून पोकळ. तिने एका कोपऱ्यावर थाप मारली. "यहाँ."

टॉर्च घेऊन मी खाली वाकले. फळी धरणारा एक क्लॅम्प सैल होता, अगदी नखभर. सकाळचा भाड्याचा किट आतून उशा कोंबून गप्प केलेला, त्याचा आवाज पायांपर्यंत उतरतच नव्हता. हा ढोल मात्र पायांतून जमिनीपर्यंत बोलत होता, आणि त्याचा सूर लागला की क्लॅम्प थरथरत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते माझं होतं. रायझरची तपासणी माझ्याच यादीत होती. सकाळी मी न वाकता तिथे टिक केली होती.

क्लॅम्प आवळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. नऊ पट्ट्या मी स्वतः काढल्या, नखांनी, एकेक करून. गीता बघत होती.

"निहार, मार आता."

तो आवाज कसा सांगू? मी बारावीला असताना आम्ही कानोत्याच्या धरणावर सहलीला गेलो होतो, तेव्हा भरलेल्या पाण्याशेजारी उभं राहून पोटात जे वाटलं होतं, तसं काहीतरी वाटलं. सूर आला, पसरला आणि सावकाश, आपल्या मर्जीने गेला. भुणभुण लपवायला मी कन्सोलवर सात बटणं दाबून ठेवली होती. ती एकेक करून बंद केली. प्रत्येक बटणागणिक आवाज चांगला होत गेला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माझे डोळे भरून आले. कारण विचाराल तर ढोल, आणि थोडी लाजही.

टॉकबॅक उचलला. जिथे बोलले होते तिथेच निस्तरायला हवं होतं. "सब सुनिए. किट में कोई दोष नहीं था. दोष रायझर में था, और रायझर मैंने चेक किया था. किट यही रहेगा."

कार्यक्रम झाला. टाळ्या पुष्कळ झाल्या, पण मला आठवतं ते नंतरचं. ते तिघे ड्रमर स्टेजवर आले. एकाने बूट काढले. ड्रमर किटचं कौतुक तोंडाने करत नाहीत, हे मला तेव्हा समजलं. प्रत्येकाने फ्लोअर टॉमवर एकच घाव घातला आणि सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी हलला नाही. मग पुढचा. अहमदाबादवाल्याने शेवटी गीतासमोर आपले दोन्ही हात धरले आणि विचारलं, "मेरा हाथ कब देखेंगी?"

ती म्हणाली, "होली के बाद. पहले ये दोनों."

रामावतारजी ढोलावर कापड घालत होते. मी जवळ जाऊन माफी मागितली. ते हसले. "बाईसा, आपने तो सुना ही नहीं था, तो गलती कैसी?"

बोलणं साधं होतं, त्यांच्या मनात टोमणा नव्हता. मला मात्र बरोबर लागलं.

आता साउंडचेकला मी आधी कन्सोल सोडून स्टेजवर जाते, माइक बंद ठेवते आणि वाद्याशेजारी नुसती उभी राहते. नवीन मुलं विचारतात, मॅडम, काय करताय? मी सांगते, काम. बावीस वर्षांनी सुरू केलंय.