तांब्या वाजणारच

माणूस आखातातून कायमचा परत येताना काय आणतो? टीव्ही, अत्तर, जाड ब्लँकेटं. आमचे शेजारी बद्रुद्दीनभाई आयुष्यभर शारजात एसी दुरुस्त करून पनवेलला परतले, ते धातू शोधायचं यंत्र घेऊन. लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती आणि कानाला लावायचे हेडफोन. वाळूवरून चकती फिरवायची, खाली धातू असला की यंत्र ओरडतं. विमानतळावर ह्यापायी त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं होतं. माझं मत विचाराल तर सोडायलाच नको होतं.

दर रविवारी दांडा स्कूटरला आडवा बांधून ते उरणच्या पिरवाडीच्या किनाऱ्यावर जात आणि वाटेत रिक्षावाल्यांच्या शिव्या खात. संध्याकाळी पिशवीतून निघत गंजके खिळे, बाटल्यांची बुचं आणि गुटख्याच्या पुड्यांची चांदी, कारण यंत्र तिलाही वाजतं. नाणी मात्र भरपूर मिळत. आपल्या लोकांना पाणी दिसलं की त्यात पैसा टाकल्याशिवाय चैन पडत नाही. बद्रुद्दीनभाईंनी चार आण्यांची बरणी गळ्यापर्यंत भरत आणली, आणि २०११ साली सरकारने चार आणेच बंद केले.

त्यातून त्यांचं एक तत्त्व होतं. सापडलेली वस्तू ज्याची त्याची अमानत, ती धन्याला परत गेली पाहिजे. एकदा किल्ली सापडली, तर किनाऱ्यावरच्या भजीवाल्याचं डोकं खाऊन झालं. मग एक दात सापडला, चांदीची टोपी चढवलेला. तो त्यांनी कापसात गुंडाळून कपाटात ठेवला.

"आता काय, गावभर लोकांची तोंडं उघडून बघत फिरणार?" कुबराभाभी म्हणाल्या. घरात शेवटचा शब्द त्यांचाच. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, त्यांनी तो शब्द उच्चारला. "एक तरी चीज धन्याच्या हातात पडलेली मला दाखवा. बकरीदपर्यंत. नाहीतर हे खटलं भंगारवाल्याला."

बद्रुद्दीनभाईंचा चेहरा पडला. ह्या माणसाला पत्ते नाहीत, पान नाही, सिनेमा नाही. एवढा एकच नाद, तोही जाणार. मी त्यांची कितीही टिंगल केली तरी त्या दिवशी मला वाईट वाटलं.

गणपती झाले आणि विचुंब्याचा काशिराम त्यांच्या दारात आला. पूर्वी तो आमच्याकडे दूध घालायचा. मग जमीन बिल्डरला गेली, तशी त्याने नवी कोरी पिकअप घेतली. एवढी वर्षं त्यांचा दीड दिवसाचा गणपती गावच्या तळ्यात सुखाने विसर्जन होत होता. यंदा काशिरामने देव थेट उरणच्या समुद्रावर नेला. भक्ती वगैरे ठीक, पण बायकोचं, गुणाबाईचं, माहेर उरणला आहे आणि सासऱ्याला गाडी दाखवायची होती.

"बद्रूभाय, मूर्तीच्या गळ्यान गुणाच्या आईची बोरमाळ होती," तो म्हणाला. "शेवटच्या आरतीनंतर ती मीच काढाची. पन बँजो लागला."

"मग?"

"मंग मी नाचलो."

गुणाबाई त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नव्हती. काय सांगायचं ते अंगणातल्या म्हशीला सांगत होती.

ओहोटी साधून आम्ही तिघे पिरवाडीला गेलो. आरती कुठे केली, मूर्ती कुठून पाण्यात नेली, असं विचारलं की काशिराम दर वेळी नवी दिशा दाखवी. नाचणाऱ्याला दिशा कुठून कळणार? विसर्जन झालेल्या मूर्तींच्या लोखंडी तारा पावलोपावली वाजत होत्या. दुपारपर्यंत बद्रुद्दीनभाईंनी तारांची मोळी जमवली. बोरमाळेचा मणीसुद्धा नाही.

परतताना विचुंब्याला काशिरामकडे चहाला थांबलो. पोरं यंत्राला हात लावतील म्हणून बद्रुद्दीनभाईंनी ते आत घेतलं आणि बंद करायला विसरले. देवाच्या कोनाड्याखाली चकती टेकली मात्र, यंत्र बोंबलायला लागलं.

खाली पितळेचा तांब्या होता, तोंडाला फडकं बांधलेला. विसर्जन झालं की किनाऱ्यावरची ओंजळभर वाळू घरी आणतात, तीच ही. काशिरामने नाचता नाचता भरली होती, तीही आरती झाली त्याच जागेवरून. बद्रुद्दीनभाई गुडघ्यांवर बसले. "ह्याच्यात आहे. आवाजात सोनं आहे," ते म्हणाले.

काशिरामने फडक्याला हात घातला. गुणाबाई मध्ये उभी राहिली. ती वाळू दसऱ्याला घराभोवती टाकायची, तोवर तांब्या उघडायचा नाही, असा सासूने घालून दिलेला नेम होता.

"अगो, तुझ्याच आईची बोरमाळ हाय," काशिराम म्हणाला.

गुणाबाई खिडकीतून म्हशीकडे वळली. "सांग त्याला, बोरमाळ माझी हाय, नेम घराचा हाय."

घरी कुबराभाभींनी सगळं ऐकून घेतलं. "तांब्या पितळेचा. यंत्र धातूला वाजतं. मग तांब्या वाजणारच," त्या म्हणाल्या.

पण बद्रुद्दीनभाईंना झोप येईना. त्यांनी स्वयंपाकघरातला तांब्या घेतला, एकदा आत भाभींची बांगडी घालून आणि एकदा रिकामा वाजवला आणि फरक ऐकायला मला बोलावलं. मला दोन्ही वेळा तेच केकाटणं ऐकू आलं. त्यांना मात्र सोनं ऐकू येत होतं. रोज वाजवत, रोज मला विचारत. शेवटी मीही हो म्हणून टाकलं.

दसरा बकरीदच्या तोंडावरच आला. भाभी स्वतः विचुंब्याला आल्या, निकाल डोळ्यांनी बघायला. काशिरामचे म्हातारे काका बळीराम, शेजारपाजार, सगळे अंगणात जमले. गुणाबाईने सूप मांडून तांब्या उपडा केला. वाळू घट्ट बसली होती. तिने बुडावर थाप मारली, तेव्हा वाळूचा गोळा पडून फुटला आणि आतून बोरमाळ निघाली.

गुणाबाईने ती तशीच, वाळूसकट गळ्यात घातली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली. "फुडल्या वर्साला नाचू नको."

सगळं अंगण हसलं. बळीरामकाका तर खोकला येईपर्यंत हसले. बद्रुद्दीनभाई मान खाली घालून चष्मा पुसत राहिले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. भाभी तेवढ्या एक शब्द बोलल्या नाहीत. घरी येईपर्यंत नाही, ईद झाली तरी नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. निकाल ऐकल्याशिवाय यंत्राला हात लावायची बद्रुद्दीनभाईंची छाती होईना. माझ्याकडे येऊन नुसता पेपर चाळत बसले. तेवढ्यात भाभी आल्या. काखेत यंत्र, त्याला जुन्या पडद्याचा नवा शिवलेला गलेफ. मुठीत कापसाची पुडी होती, ती त्यांनी नवऱ्यासमोर ठेवली.

"तो बळीरामकाका हसला तेव्हा बघितलंत? वरचा एक दात नाही," त्या म्हणाल्या. "आधी विचुंब्याला जा, मग समुद्रावर. आणि त्याला तोंड उघडायला सांगायची लाज वाटत असेल तर थांबा, मी येते."